पिवळं न होणारं पाणी

दीपमाला रामटेकेला किळस फार. दुसऱ्याच्या उष्ट्या कपाला बोट लागलं तरी ती साबणाने हात धुवायची. नाल्याच्या पुलावर पाय ठेवताना जो श्वास रोखायची, तो थेट पलीकडच्या पानठेल्यापाशी सोडायची. पानठेलेवाला तिला येताना पाहून स्वतःचेही गाल फुगवायचा आणि ती गेली की गिऱ्हाइकांबरोबर हसायचा. आणि अशा बाईच्या वाट्याला काम आलं ते आशाताईचं! उत्तर नागपुरातल्या नाल्याकाठच्या दोनशे घरांत फिरायचं, कोणाला जुलाब लागले, दिवसातून किती वेळा, रंग कसा, हे उंबऱ्यावर उभं राहून विचारायचं आणि वहीत उतरवायचं. चौदा वर्षं ती हे करत होती आणि चौदा वर्षांत तिने तो शब्द एकदाही तोंडातून काढला नव्हता. वहीत 'शौच' लिहायची. तोंडाने म्हणायची 'ते'.

"ते पातळ होऊन राहिलं का वं?"

"ते म्हणजे कोणतं, ताई?" बायका मुद्दाम विचारायच्या आणि पदर तोंडाला लावून खिदळायच्या.

किळस तिला लहानपणीच लागली होती. पारशिवनीकडच्या तिच्या गावात गोदरी रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेली, आणि शाळेची वाट तिथूनच जायची. सगळं गाव सकाळी तिथेच बसायचं. दहा वर्षांची असताना दीपमाला त्या वाटेवर घसरली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत भरले. आईने विहिरीवर नेऊन राखेने घासले, पार कातडी लाल होईपर्यंत. घासताना पोरीने पाहिलं, हातावरचं पाणी ओघळून चाललं होतं ते विहिरीकडेच. गोदरीचा उतारही तिकडेच होता. त्या दिवशी तिने घरचं पाणी प्यायला नकार दिला. बाप म्हणाला, "मंग काय तुह्यासाठी आभाळातून पाणी आणू?" आणि एक ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गपगुमान प्यायली, पण डोळे मिटून.

म्हणून लग्न ठरताना तिने एकच गोष्ट विचारली होती, घरात संडास आहे का. नवरा शालिकराम इतवारीत भांड्यांच्या दुकानात कामाला होता, घर दोन खोल्यांचं होतं, पण संडास पक्का होता. दीपमालाला शहर आवडलं ते तेवढ्यावरच. पाणी एका नळातून दुरून येणार, आणि 'ते' दुसऱ्या नळातून दूर जाणार. दोघांची गाठ कधी पडायची नाही, अशी तिची बिचारीची समजूत. वस्तीच्या मागच्या गल्लीत दोन्ही पाइप एकाच चारीत एकमेकांना खेटून निजले आहेत, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. ज्यांना माहीत होतं, त्यांना सांगण्याची गरज वाटली नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात, मे महिन्याच्या सुरुवातीला, मागच्या गल्लीत दोन पोरं पिवळी पडली. आठ दिवसांत आकडा सतरावर गेला. लोक दवाखान्यात जायचे सोडून पलीकडच्या मोहल्ल्यातल्या एका म्हाताऱ्याकडे पळाले. हा म्हातारा रोग्याच्या हातावर चुन्याचं पाणी चोळायचा, आणि खाली परातीत पिवळंधमक पाणी पडायचं. "पाहा, निघाली कावीळ!" ज्याची कावीळ निघाली तो आनंदाने घरी येऊन तेलकट भजी खायचा आणि चौथ्या दिवशी उलट्या करत दीपमालाच्या दारात यायचा. दीपमाला चिडायची, बडबडायची. कोणी ऐकत नव्हतं. परातीतलं ते पिवळं पाणी प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि डोळ्यांपुढे आशाताईची बडबड काय टिकणार?

तिच्या घरातही एक काळजी होती. मुलगा संघपाल कळमेश्वरच्या एमआयडीसीत कामाला, सकाळी जाऊन संध्याकाळी परतणारा. त्याची बायको प्रीती हिचा पाचवा महिना अर्धा होत आला होता, पहिलंच बाळंतपण. ट्रेनिंगमध्ये दीपमालाने ऐकलं होतं की घाण पाण्यातून येणारी ही 'ई' नावाची कावीळ इतरांना महिनाभर लोळवून सोडून देते, पण दिवस भरत आलेल्या बाईला धरली तर आई आणि मूल दोन्ही घेऊन जाते. तेव्हापासून तिच्या गॅसवर पाण्याचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, उकळत असायचा. वीस मिनिटं, घड्याळ लावून.

मेच्या मधल्या आठवड्यात तिला आरोग्य केंद्रातून 'ओटी' नावाच्या, पाणी तपासायच्या औषधाच्या बाटल्या मिळाल्या. साधं काम. काचेच्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, दोन थेंब टाकायचे. पाण्यात जंतू मारणारं औषध, म्हणजे क्लोरीन, पोचलं असेल तर पाणी पिवळं होतं. पिवळं झालं की पाणी चांगलं. नाही झालं तर कुठेतरी घाण मिसळली आणि त्या घाणीने क्लोरीन खाऊन टाकलं, असं समजायचं.

हे शिकवायला ती मागच्या गल्लीत गेली त्या दिवशी गटार उपसणं चालू होतं. पारा पंचेचाळीसवर, आणि उघड्या गटाराच्या काठावर काळ्या गाळाचे ढीग. त्यात केस, प्लास्टिक, एक चप्पल आणि जे असायचं ते. माश्यांनी ढीग हलल्यासारखा दिसत होता. दीपमालाने स्कार्फ नाकातोंडावर दोनदा गुंडाळला. बायका गोळा झाल्या. पुढे उभ्या होत्या वच्छलाबाई, गल्लीच्या अगदी टोकाच्या घरातल्या, पासष्टीच्या, एकट्या. त्यांच्या दारातल्या माठाचं पाणी अख्खी गल्ली प्यायची आणि त्यांच्या शब्दाला मान होता. दीपमालाने नळी दाखवली, बाटली दाखवली.

"नीट ऐकजा. दोन थेंब टाकायचे. पिवळं नाई झालं तं पिऊ नोका."

ती 'नाई'पाशी आली आणि त्याच क्षणी गटारवाल्याने फावडंभर गाळ तिच्या पायापासून दोन हातांवर उपडा केला. वाफ अंगावर आली. तिच्या पोटातून उमासा वर आला आणि तो शब्द स्कार्फमध्येच राहिला. बायकांना ऐकू आलं ते एवढंच, "पिवळं... झालं तं पिऊ नोका."

शब्द गेला हे तिला कळलं होतं. पुन्हा सांगावं असं मनातही आलं. पण पुन्हा सांगायचं म्हणजे पुन्हा तोंड उघडून श्वास घ्यायचा. तिने बाटली वच्छलाबाईंच्या हातात कोंबली, "पाहजा बरं मावशी रोज," म्हणाली आणि जवळजवळ पळतच गल्लीबाहेर पडली. कोपऱ्यावर जाऊन भिंतीला धरून ओकली.

इकडे बायकांनी लगेच तपासणी केली. गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक नळ होता, नव्या लाइनचा. त्याच्या पाण्यात थेंब पडले आणि पाणी लिंबाच्या सरबतासारखं पिवळं झालं. बायका मागे सरकल्या.

"अव माय! यात तं कावीळच हाय!"

मग टोकाचा नळ पाहिला, वच्छलाबाईंच्या दारातला, जुन्या लाइनचा. थेंब टाकले, नळी हलवली, उजेडात धरली. पाणी नितळ, रंगाचा मागमूस नाही. ज्यांनी परातीत कावीळ निघताना पाहिली होती त्यांना आणखी काय पुरावा हवा? त्या संध्याकाळपासून तोंडाशी असलेला नळ ओस पडला आणि सगळ्या कळशा, गुंड, बादल्या टोकाकडे लागल्या. वच्छलाबाई रोज सकाळी पहिली धार सोडून नळी भरायच्या, थेंब टाकायच्या आणि रंग येत नाही हे पाहूनच बायकांना रांग लावू द्यायच्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हाती कोणी काही सरकारी काम दिलं होतं, आणि त्यांनी ते मन लावून केलं.

दीपमाला त्या दिवसांत मागच्या गल्लीत शिरलीच नाही. कोपऱ्यावरूनच हाक मारायची.

"मावशी, पाहून राहिले नं?"

"हव वं! रोज. तपासल्याबिगर एक गुंड भरू देत नाई मी!"

दीपमाला वहीत टिकमार्क करायची. आकडा सतरावरून बावीस झाला, मग एकतीस. तिने वर कळवलं. पाणीवाल्यांचा माणूस आला, त्यानेही नाकाला रुमाल लावला, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या नळातून बाटली भरली, पाणी उत्तम असल्याचं लिहिलं आणि गेला. आत जायला त्याचीही हिंमत झाली नाही. नाक सांभाळणारे हे लोक! यांना वास नको, डाग नको, शब्दसुद्धा नको, आणि आकडे मात्र रोज हवेत.

जून संपता संपता प्रीतीला अन्नाचा वास नकोसा झाला. सातवा महिना अर्धा झाला होता. दोन दिवस उलट्या झाल्या, दीपमालाला वाटलं पित्त असेल. तिसऱ्या दिवशी तिने सुनेला दारातल्या उजेडात बसवलं आणि डोळ्याची खालची पापणी ओढली. हळद.  दीपमालाने संघपालला कळमेश्वरला फोन लावला आणि सुनेला घेऊन दवाखाना गाठला.

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती, फटकळ होती. रक्ताचा रिपोर्ट पाहून तिने मान हलवली.

"ई आहे. पाणी कुठलं पिते ही?"

"उकळलेलं, मॅडम. वीस मिनिटं. मी सोता उकळते," दीपमाला म्हणाली, आणि त्या अवस्थेतही तिच्या आवाजात थोडा तोरा होता.

"मग उकळलेल्या पाण्यातून आला का विषाणू? पाच-सहा आठवड्यांपूर्वी गेलाय पोटात. दुसऱ्या कोणाची तरी विष्ठा गेली आहे हिच्या तोंडात, ताई, सरळ सांगायचं तर. नखावर मावेल एवढ्या घाणीत लाखो असतात हे. डोळ्यांना काही दिसत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "लिव्हर फार सुजलंय. बाळाचं मी आत्ता काही सांगत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दीपमाला कपडे न्यायला घरी आली. कुलूप काढतेय तोच मागून वच्छलाबाई आल्या, घाम पुसत. एका हातात झाकण लावलेला पाण्याचा गडवा, दुसऱ्या हातात काचेची नळी.

"पोरीसाठी आणलं वं. दवाखान्याचं पाणी नोको देऊ तिले. दीड महिना झाला, तू फिराले गेली का दुपारी मी आणून देते, माह्याच माठाचं पेते थे. तुहं उकळलेलं पाणी शिळं लागते म्हणे, तुले सांगू नोको म्हणली होती." त्या जरा हसल्या. मग नळी उजेडात धरली. "हे पाय. आज बी तपासलं. एक कणभर पिवळं नाई."

दीपमाला त्या नळीकडे पाहत राहिली. पाणी स्वच्छ, सुंदर, आरपार दिसणारं. त्यातून वच्छलाबाईंचा चेहरा दिसत होता. दीड महिना. रोज एक गडवा. 

ती धावली. ज्या गल्लीत ती दीड महिना शिरली नव्हती तिच्यात चपलांनी गटाराचं पाणी उडवत धावली. टोकाच्या नळावर रांग होती. तिने पहिल्या बाईचा गुंड लाथेने पाडला.

"पिऊ नोका हे! कोणी पिऊ नोका! पिवळं होते थेच पाणी चांगलं असते! पिवळं नाई होत थे खराब!"

"खराब म्हणजे? गढूळ तं नाई," ती बाई गुंड उचलत फणकारली.

"गू हाय त्यात!" दीपमाला ओरडली. "गू! आपलाच! आपण एकमेकाचा गू पिऊन राहिलो बाई!"

 मग कोणीतरी म्हणालं, "पण तुमीच तं सांगतलं होतं ताई, पिवळं झालं तं पिऊ नोका."

इथे खरं सांगायला हवं होतं. सून दवाखान्यात, नोकरीची चिंता, तीसेक बायकांच्या नजरा. दीपमाला म्हणाली, "तुमी उलटं ऐकलं."

सगळ्यांनी वच्छलाबाईंकडे पाहिलं. त्या आता कुठे धापा टाकत पोचल्या होत्या, गडवा तसाच हातात. त्यांनी दीपमालाकडे पाहिलं.

"मीच उलटं ऐकलं असन," त्या म्हणाल्या. "म्हातारे कान बाप्पा."

दोन दिवसांनी पाणीवाल्यांनी गल्ली खोदली. गटाराच्या तळाशी, गाळात रुतलेला जुना पाइप निघाला. त्याचे सांधे इतके कुजलेले की बोट आरपार जात होतं. उन्हाळ्यात पाण्याची धार बारीक झाली की घरोघरी टुल्लू पंप लागायचे, नळातलं संपलं की पंप रिकामा पाइप ओढायचे, आणि पाइप सांध्यांतून जे मिळेल ते ओढायचा. एका मजुराने तुकडा आपटला तेव्हा आतून काळपट बुळबुळीत लगदा पडला आणि त्यातून गांडुळासारखं काहीतरी वळवळत निघालं. लोकांनी ओकाऱ्या काढल्या. दीपमाला स्कार्फ न बांधता उभी राहिली आणि सगळं पाहिलं. आपल्याला स्वतःची जेवढी घाण वाटते आहे तेवढी याची वाटत नाही, हे तिला तिथे उभं असताना समजलं.

त्याच रात्री प्रीती बरळू लागली. दवाखान्यातल्या आठव्या दिवशी ती बाळंत झाली. मुलगी होती, मुठीएवढं तोंड, केस भरपूर. चार तास जगली. संघपालने तिला कापडात गुंडाळून नेलं आणि परत येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसला तो उठेना. प्रीती मात्र वाचली. डॉक्टरीण म्हणाली, हे नशीबच समजा. अठराव्या दिवशी ती घरी आली. डोळ्यांत अजून पिवळी झाक होती आणि ती कोणाशी बोलत नव्हती.

तेवढ्या दिवसांत वस्तीने वच्छलाबाईंचं काय केलं? कोणी काही बोललं नाही, पण त्यांच्या माठाला कोणी हात लावत नव्हतं. पोरं दारावरून जाताना वाट वाकडी करायची. गल्लीतल्या दोन सुना मोठ्याने बोलल्या होत्या, म्हातारीने मूल खाल्लं. वच्छलाबाईंनी माठ पालथा घालून ठेवला होता आणि दार लोटून आत बसलेल्या असायच्या.

प्रीती आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दीपमाला त्यांच्याकडे गेली. जमिनीवर बसली.

"मावशी, तुमी बरोबर ऐकलं होतं. 'नाई' माह्या तोंडातून निघालाच नाई. मले घाण वाटली. मले कळलं होतं बी, तरी मी पुन्हा नाई सांगतलं. आन मंग सगळ्यांसमोर तुमच्यावर ढकललं."

वच्छलाबाई तांदूळ निवडत होत्या. हात थांबले नाहीत.

"मले मालूम हाय. मी तं अगदी तुह्यासमोरच उभी होती. तू काय बोलली, थे शब्द न शब्द ऐकला मी."

"मंग काहून बोलल्या नाई तुमी? लोक काय काय म्हणून राहिले तुमाले!"

"पोरगी दवाखान्यात होती नं वं." त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "म्हटलं, जगली तं तुह्याच घरी येईन. मी तं परकी. माह्या हातचं नाई पेली तं चालन. पण तुहाच राग धरला असता तं तिले पाणी कोणी देल्लं असतं?"

दीपमालाला रडू आलं नाही. रडायला ती पात्र नव्हती, असं तिला वाटलं. ती उठली आणि गल्लीतल्या सगळ्या उघड्या दारांशी थांबत गेली. प्रत्येक दारात तिने तेच सांगितलं, शब्द नीट उच्चारून, कोणाचा चुकला आणि कसा चुकला. काही बायकांनी ऐकून घेतलं, एकीने दार लावून घेतलं, एक म्हणाली की ताई, तुमची तक्रार करणार आम्ही. दीपमाला म्हणाली, करा.

मग ती घरी आली. प्रीती खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. औषधाची वेळ झाली होती. दीपमालाने गंजातलं उकळून गार केलेलं पाणी ग्लासात घेतलं, खाटेशेजारी बसली आणि गोळी हातात ठेवायच्या आधी सगळं सांगितलं. त्या दिवशीचा गाळ, अडकलेला शब्द, भिंतीला धरून ओकणं, आणि वच्छलाबाईंवर ढकललेलं खोटं. काही गाळलं नाही.

प्रीतीने तोंड वळवलं. सासूकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या ग्लासाकडे पाहिलं. 

"वच्छलाआजीले बोलवा," ती म्हणाली. "त्यांच्या हातानं पेते मी."